साबुदाण्याची खिचडी मोकळी होण्यासाठी : भिजवण्यापासून वाढण्यापर्यंत

संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार किंवा महाशिवरात्र असली की साबुदाण्याची खिचडी घरोघरी होते, आणि तरीही तिच्याबद्दलच्या दोन तक्रारी कायम ऐकू येतात. एकीकडे खिचडीचा गोळा होतो आणि ती डावाला चिकटून येते. दुसरीकडे दाणे मोकळे राहतात, पण दाताखाली टचटच लागतात. या दोन्ही दोषांचे कारण बहुतेक जण कढईत शोधतात. मग तूप वाढवले जाते, गॅस मोठा केला जातो, वरून पाण्याचा हबका मारला जातो, आणि बिघडत चाललेली खिचडी आणखी बिघडते. खरे कारण आदल्या रात्री भिजवलेल्या भांड्यात असते.

पुढील सर्व टप्प्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : साबुदाण्याचा दाणा आतून पूर्ण ओला आणि बाहेरून कोरडा असतानाच कढईत पडला पाहिजे. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातून काढलेल्या पिष्टाच्या वाळवलेल्या गोळ्या. पिष्टाला पाणी आणि उष्णता एकत्र मिळाली की त्याची खळ होते. ही क्रिया दाण्याच्या आत झाली तर दाणा मऊ आणि पारदर्शक होतो. दाण्याच्या बाहेर, सुट्या पिठात आणि पृष्ठभागावरच्या पाण्यात झाली, तर तीच खळ दाण्यांना एकमेकांशी जोडते.

साहित्य आणि प्रमाण

चार माणसांना पोटभर होईल असे हे प्रमाण आहे. वाटी सुमारे २०० मिलीलीटरची धरली आहे.

- मध्यम आकाराचा साबुदाणा : २ वाट्या (सुमारे ३०० ग्रॅम)
- कच्चे शेंगदाणे : १ वाटी
- साजूक तूप : ४ मोठे चमचे
- जिरे : दीड छोटा चमचा
- हिरव्या मिरच्या : ४ ते ५, तिखटपणा पाहून
- बटाटे : २ मध्यम
- मीठ : दीड छोटा चमचा
- साखर : २ छोटे चमचे
- ओले खोबरे : पाव वाटी
- लिंबू : १

उपासाच्या खिचडीत हळद, हिंग, मोहरी, कांदा, लसूण घालत नाहीत. कोथिंबीर काही घरांत चालते, काही घरांत चालत नाही. जिऱ्याबद्दलही क्वचित असाच मतभेद आढळतो. पाहुण्यांसाठी खिचडी करणार असाल, तर हे आधी विचारून घ्यावे. सैंधव वापरणार असाल तर ते बारीक कुटून घ्यावे, कारण खिचडी कोरडी असल्यामुळे भरड मीठ तिच्यात नीट विरघळत नाही आणि एखाद्या घासाला खडा लागतो.

टप्पा १ : साबुदाणा निवडणे आणि चाळणे

खिचडीसाठी मध्यम आकाराचा, पांढरा, अपारदर्शक साबुदाणा घ्यावा. नायलॉन साबुदाणा या नावाने मिळणारा काचेसारखा दिसणारा प्रकार तळून चिवडा करण्यासाठी चांगला असतो. खिचडीसाठी तो घेऊ नये, कारण त्याचे भिजण्याचे गणित वेगळे असते. त्याचप्रमाणे डब्यात उरलेला जुना साबुदाणा आणि नव्या पिशवीतला साबुदाणा एकत्र भिजवू नये. दोन्ही सारख्या वेगाने पाणी ओढतील याची खात्री नसते, आणि अर्धे दाणे मऊ पडेपर्यंत उरलेले अर्धे कच्चे राहू शकतात.

भिजवण्याआधी साबुदाणा पिठाच्या चाळणीतून चाळून घ्यावा. पिशवीच्या तळाशी जो पांढरा भुगा साठलेला असतो, तो पुढे खळ होण्याची सर्वांत मोठी सोय असते.

टप्पा २ : धुणे

साबुदाणा पातेल्यात घेऊन भरपूर गार पाणी ओतावे, बोटे हलकेच फिरवावीत आणि दुधासारखे झालेले पाणी लगेच ओतून द्यावे. असे तीन वेळा करावे. तिसऱ्या वेळी पाणी अगदी निवळ झाले नाही तरी चालते, मात्र त्यातून भांड्याचा तळ दिसला पाहिजे. तळ दिसत नसल्यास चौथ्यांदा धुवावे.

तांदळासारखे चोळून धुणे ही येथील नेहमीची चूक आहे. चोळल्याने दाण्याच्या कडा झिजतात आणि जे पीठ काढून टाकायचे, तेच नव्याने तयार होते. दुसरी चूक म्हणजे धुण्याच्या पाण्यातच साबुदाणा ठेवून दुसऱ्या कामाला लागणे. धुण्याचे काम दोन-तीन मिनिटांत आटोपून साबुदाणा चाळणीत पाच मिनिटे निथळत ठेवावा.

टप्पा ३ : भिजवणे

सगळी खिचडी या टप्प्यावर ठरते, म्हणून येथे घाई करू नये.

भांडे पसरट आणि सपाट बुडाचे असावे. साबुदाण्याचा थर दोन बोटांपेक्षा जाड होऊ देऊ नये. उभ्या, अरुंद डब्यात भिजवलेल्या साबुदाण्यात खालचे दाणे पाण्यात बुडून गळतात आणि वरचे कोरडे राहतात. पाण्याचे प्रमाण बरोबर असूनही खिचडी बिघडते, ती पुष्कळदा यामुळे.

निथळलेला साबुदाणा भांड्यात सारखा पसरावा आणि दाण्यांच्या पातळीला जेमतेम पोहोचेल इतकेच गार पाणी घालावे. वरचे दाणे पाण्याखाली पूर्ण बुडालेले दिसू नयेत. त्यांचे माथे ओलसर चमकत असावेत, एवढे पुरे. दोन वाट्या साबुदाण्याला धुतल्यानंतर साधारण सव्वा ते दीड वाटी पाणी लागते, परंतु प्रत्येक साबुदाण्याची पाणी ओढण्याची ताकद वेगळी असल्याने वाटीच्या मापापेक्षा डोळ्याने ठरवलेली पातळी अधिक भरवशाची असते. घरात नवा साबुदाणा आला की पहिल्या वेळी पाणी कमीच ठेवावे. कमी पडलेले पाणी नंतर शिंपडता येते. जास्त झालेले मात्र दाण्यातून परत काढता येत नाही.

झाकण ठेवून अर्ध्या तासाने एकदा उघडून पाहावे. भांडे तिरके केल्यावर कडेला पाणी साचत असेल तर ते ओतून टाकावे. वरचे दाणे कोरडे, पांढरेफटक दिसत असतील तर हाताने पाण्याचे दोन-तीन शिपके द्यावेत आणि दाणे बोटांनी हळुवार वरखाली करावेत. त्यानंतर पाच ते सहा तास, किंवा रात्रभर, झाकून ठेवावे. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवलेला साबुदाणा आंबूस होतो, म्हणून त्या दिवसांत दोन तासांनंतर भांडे फ्रिजमध्ये हलवावे आणि सकाळी खिचडीच्या अर्धा तास आधी बाहेर काढावे.

> सावधान : वेळ वाचवण्यासाठी गरम किंवा कोमट पाण्यात भिजवू नये. पाणी पुरेसे गरम असले तर दाण्याचा बाहेरचा थर त्याच वेळी शिजू लागतो, चिकट होतो, आणि मधला गाभा कोरडाच राहतो. अशा साबुदाण्याची खिचडी बाहेरून गिजगिजीत आणि आतून कच्ची होते. ती पुढे कोणत्याही उपायाने सुधारत नाही.

तपासणी. भांड्यातून पाच दाणे घ्यावेत : एक वरून, एक तळातून, एक मधून आणि दोन कडांवरून. प्रत्येक दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबावा. नीट भिजलेला दाणा लोण्यासारखा सपाट होतो आणि बोटांवर गुळगुळीत पांढरा ठिपका उरतो. दाबताना मध्ये मोहरीच्या चुऱ्याइतका का होईना कण लागला, तर तो दाणा भिजलेला नाही. एकच दाणा पाहून निर्णय घेणे चुकीचे आहे, कारण वरचा दाणा तयार असतानाही तळाचा किंवा कडेचा दाणा वेगळे सांगू शकतो.

तपासणीचा निकाल पाहून पुढे काय करावे, ते असे. कण लागत असेल तर दोन मोठे चमचे पाणी शिंपडून, दाणे हलकेच मोकळे करून, आणखी पाऊण तास झाकून ठेवावे. दाणे मऊ आहेत पण एकमेकांना धरून बसले आहेत, असे असेल तर स्वच्छ सुती पंचावर पातळ पसरून पंख्याखाली वीस-तीस मिनिटे ठेवावे आणि मधूनमधून बोटांनी ढेकळे सोडवावीत. परंतु दाण्यांचा आकारच हरवून लगदा झाला असेल, तर त्या दिवशी खिचडीचा आग्रह सोडावा. त्याच साबुदाण्यात उकडलेला बटाटा, कूट आणि मिरची मळून उत्तम थालीपीठ होते, आणि कोणाचाही उपास अडत नाही.

टप्पा ४ : शेंगदाण्याचा कूट

कूट चवीसाठी घालतात हे खरेच आहे, पण खिचडीत त्याचे आणखी एक काम असते. भरड कूट दाण्यांच्या मध्ये शिरून पृष्ठभागावरचा ओलावा टिपतो, त्याच्यातली स्निग्धता दाण्यावर पातळ लेप धरते, आणि दाणे शिजताना एकमेकांना लागत नाहीत. म्हणूनच कूट कमी पडला की खिचडी चिकटण्याची भीती वाढते.

शेंगदाणे आधी निवडून घ्यावेत. काळपट, सुरकुतलेले किंवा बुरशीचा वास येणारे दाणे काढून टाकावेत, आणि एक-दोन दाणे चावून पाहावेत. एवढ्या एका वाटीत थोडे जरी खवट दाणे आले, तरी सगळ्या खिचडीला ती चव लागते. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटे सतत हलवत भाजावेत. सालांना चिरा पडू लागल्या, त्यांवर तपकिरी ठिपके आले आणि बोटांत चोळल्यावर साल सहज सुटली, की लगेच ताटात काढावेत, कारण तापलेल्या कढईत ते गॅस बंद केल्यावरही भाजत राहतात. मोठ्या आचेवर भाजलेले दाणे बाहेरून डागाळतात आणि आतून कच्चे, बुळबुळीत राहतात.

दाणे पूर्ण गार होऊ द्यावेत. नंतर तळहातांत चोळून साले पाखडावीत आणि मिक्सरवर दोन-दोन सेकंद थांबत थांबत फिरवून जाड रव्याइतका भरड कूट करावा. त्यात थोडे कुटके राहिले तर चांगलेच.

> सावधान : गरम दाणे मिक्सरमध्ये घालू नयेत आणि मिक्सर सलग चालवू नये. दाण्यांचे तेल सुटून कुटाचे गोळे होतात, आणि तेलकट गोळा ओलावा टिपण्याचे काम करू शकत नाही.

टप्पा ५ : कालवणे

मोठ्या परातीत साबुदाणा घेऊन त्यात आधी कूट घालावा आणि बोटांच्या टोकांनी, मूठ न आवळता, सारखा कालवावा. त्यावर मीठ आणि साखर भुरभुरून पुन्हा एकदा कालवावे. कूट शेवटी कढईत घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. मला ती पटत नाही, कारण तोपर्यंत दाणे तापून एकमेकांना लागलेले असतात आणि कूट वरवर फिरत राहतो. मीठही कढईत घातले तर सारखे पसरवण्यासाठी खिचडी जास्त ढवळावी लागते, आणि जास्त ढवळणे हेच तर टाळायचे असते.

हे कालवण फोडणीच्या अगदी आधी करावे. मीठ-साखर लावून अर्धा-पाऊण तास ठेवलेल्या साबुदाण्याला पाणी सुटते आणि पंख्याखाली केलेली सगळी मेहनत वाया जाते.

तपासणी. कालवलेला साबुदाणा मुठीत हलकेच दाबून सोडावा. तो भुरभुरत खाली पडला पाहिजे. लाडवासारखा आकार धरून राहिला, तर आणखी दोन-तीन चमचे कूट घालावा.

टप्पा ६ : बटाटा

बटाटा उकडून घालायचा असल्यास तो किंचित करकरीत असतानाच काढावा, पूर्ण गार करावा आणि मगच फोडी कराव्यात. जास्त उकडलेला, गरम बटाटा खिचडीत फुटून सगळीकडे लागतो. कच्च्या बटाट्याच्या पातळ काचऱ्या तुपात झाकण ठेवून शिजवल्या तर खिचडीला अधिक चव येते, असे माझे मत आहे. काचऱ्या पाण्यात ठेवल्या असतील तर त्या फडक्याने टिपून घ्याव्यात.

टप्पा ७ : फोडणी आणि वाफ

कढई पसरट, जाड बुडाची असावी आणि सगळे साहित्य घातल्यावर ती निम्म्यापेक्षा जास्त भरू नये. हा नियम मी अनुभवाने शिकले. एका महाशिवरात्रीला बारा माणसांची खिचडी एकाच कढईत करायला घेतली. साबुदाणा उत्तम भिजला होता, कूट भरपूर होता. पण थर इतका जाड झाला की खालचे दाणे बुडाला चिकटून खरपूस झाले, मधले स्वतःच्याच वाफेत गोळा झाले, आणि वरचे पांढरेच राहिले. तेव्हापासून माणसे जास्त असली की दोन किंवा तीन घाणे करते. त्यात वीस मिनिटे अधिक जातात, पण प्रत्येक घाणा नीट होतो.

मध्यम आचेवर तूप तापवावे. त्यात जिरे तडतडले की मिरच्यांचे तुकडे घालावेत आणि त्यांचा रंग किंचित पांढुरका होईपर्यंत परतावेत. मग बटाटा घालावा. काचऱ्या असतील तर झाकण ठेवून त्या पूर्ण शिजू द्याव्यात, कारण साबुदाणा पडल्यानंतर बटाट्याला शिजायला वेळ मिळत नाही. बटाटा तयार झाला की आच मंद करावी आणि कालवलेला साबुदाणा घालावा.

पहिली दोन मिनिटे झाकण न ठेवता परतावे, म्हणजे तूप प्रत्येक दाण्याला लागते. परतताना उलथने कढईच्या कडेने बुडापर्यंत घालून खालचा थर वर आणावा. गोल गोल ढवळू नये. त्यानंतर झाकण ठेवून दोन मिनिटे वाफ येऊ द्यावी, झाकण काढून एकदा वरखाली करावे, आणि असे एकूण तीन वेळा करावे. झाकण उचलताना ते कढईवरच तिरके न करता सरळ बाजूला न्यावे, कारण त्याच्या आतल्या बाजूला साचलेले पाण्याचे थेंब खिचडीत पडले की नेमके तेथेच ढेकूळ तयार होते. दर वेळी झाकण आतून फडक्याने पुसून मगच परत ठेवावे.

या वेळी दाण्यांकडे लक्ष द्यावे. सुरुवातीला सगळे दाणे दुधी पांढरे असतात. पहिल्या वाफेनंतर त्यांच्या कडा काचेसारख्या होतात आणि मध्ये पांढरा ठिपका राहतो. पुढच्या वाफांबरोबर तो ठिपका लहान होत जातो. बहुतेक दाणे पारदर्शक झाले आणि थोड्या दाण्यांत ठिपक्याची पुसट खूण उरली, की गॅस बंद करावा. ती खूण झाकणाखालच्या उष्णतेत दोन-तीन मिनिटांत आपोआप जाते. साबुदाणा घातल्यापासून येथपर्यंत साधारण आठ ते दहा मिनिटे लागतात.

> सावधान : प्रत्येक दाणा पारदर्शक होईपर्यंत गॅसवर ठेवू नये. नीट भिजवलेल्या साबुदाण्याची खिचडी बिघडण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. जास्त शिजलेले दाणे आधी मऊ होतात, मग चिवट होतात आणि शेवटी एकमेकांत मिसळतात.

टप्पा ८ : लिंबू, खोबरे आणि वाढणे

लिंबाचा रस गॅस बंद केल्यावरच, सगळीकडे थोडा थोडा शिंपडून घालावा. एकाच जागी पिळला तर तेवढा भाग ओला होऊन चिकटतो. खोबरे, आणि चालत असल्यास कोथिंबीर, त्यानंतर घालून एकदाच हलक्या हाताने वरखाली करावे. खिचडी तयार झाल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत पानात पडावी. गार होताना शिजलेले पिष्ट पुन्हा घट्ट होते आणि दाणे कडक होऊ लागतात, म्हणून घरातली माणसे जेव्हा खायला बसणार असतील त्या वेळेपासून मागे मोजून फोडणी करावी. सोबत गोड दही किंवा कूट घातलेली काकडीची कोशिंबीर द्यावी.

कढईत चूक लक्षात आली तर

दाणे टणक लागत असतील तर पाणी ओतू नये. एक मोठा चमचा दूध किंवा पाणी कढईच्या कडेने शिंपडून, झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर दोन मिनिटे ठेवावे आणि पुन्हा चव पाहावी. गरज पडल्यास आणखी एकदाच असे करावे.

दाणे चिकटू लागले असतील तर सर्वप्रथम झाकण काढावे आणि ढवळणे थांबवावे. दोन चमचे कूट आणि चमचाभर तूप घालून खिचडी मोठ्या ताटात पसरावी, वाफ जाऊ द्यावी, आणि काट्याने ढेकळे सोडवावीत. कढईत ठेवूनच परतत राहिल्यास गोळा घट्ट होत जातो.

मीठ जास्त झाले असेल तर गार उकडलेल्या बटाट्याच्या फोडी आणि थोडे खोबरे वाढवावे. कच्चा साबुदाणा मात्र घालू नये.

डब्यात न्यायची खिचडी गॅसवरून नेहमीपेक्षा थोडी आधी उतरवावी, ताटात पसरून कोमट होऊ द्यावी आणि मगच डबा बंद करावा, कारण गरम खिचडीची वाफ झाकणाला लागून परत तिच्यातच पडते. उरलेली खिचडी फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या वेळी खाताना तिच्यावर पाण्याचा हलका हबका मारावा, झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणावी आणि गरम असतानाच खावी.